सहा ते सात टीव्ही बंद

मावशी टीव्ही लावण्याआधी साडी बदलायच्या. इस्त्रीची साडी, केसांवरून एक हात, गळ्यात मोत्यांचा सर, आणि मग रिमोट. लंडनच्या पिनर भागात त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी पायजमा-टीशर्टवर त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अगं, तो बातम्या सांगणारा कोट-टाय लावून आपल्या घरी आलाय, आणि तू अशी?" मला वाटलं चेष्टा करताहेत, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी निमूट वर गेले आणि कपडे बदलून आले.

लोकांना याची गंमत वाटायची आणि मला त्या लोकांचा राग यायचा. स्टॅनमोरच्या आमच्या भिशीतल्या एकीने तर हळूच मला विचारलं होतं, "डिमेन्शियाची सुरुवात आहे का गं त्यांना?" दिवसभर फोनवर बोट फिरवणाऱ्या बाईने हे विचारावं! मावशी शेवटपर्यंत ठणठणीत शहाण्या होत्या. त्यांना टीव्ही ज्या काळात भेटला तो काळ वेगळा होता, एवढंच.

नवी नवरी म्हणून त्या इंग्लंडला आल्या तेव्हा इथे टीव्हीची नवलाई होती. नवरा-बायको एका इंग्लिश म्हातारीच्या घरात एका खोलीत राहत. टीव्ही खाली, म्हातारीच्या बैठकीत. तिने एका संध्याकाळी बोलावलं म्हणून मावशी हळदीचे डाग पडलेल्या साडीवर तशाच खाली गेल्या. पाहतात तर म्हातारी मोती घालून बसलेली, आणि पडद्यावरचा निवेदक लग्नाला निघाल्यासारखा काळ्या सुटात. "मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ," असं त्या मला कितीदा तरी सांगायच्या. त्यानंतर त्या कधी घरच्या साडीवर टीव्हीसमोर बसल्या नाहीत.

तेव्हाचा टीव्हीचा दिवस त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झाला आहे. सकाळी काहीच नाही. दुपारी बायकांसाठी थोडं विणकाम-स्वयंपाकाचं, मग बंद. पाचला मुलांचं. सहाला पुन्हा बंद, तेही तासभर, आयांना मुलं झोपवता यावीत म्हणून. सातनंतर एखादं नाटक, गाणं. शेवटी निवेदक गुड नाइट म्हणणार, राष्ट्रगीत वाजणार, आणि पडदा मिटता मिटता मधोमध एक पांढरा ठिपका उरणार. मावशी त्या ठिपक्याला उलट गुड नाइट म्हणायच्या. "हल्लीचे न सांगता जातात," ही त्यांची कायमची तक्रार होती. एक कार्यक्रम संपायच्या आत दुसऱ्याची जाहिरात, आणि काम केलेल्यांची नावं कोपऱ्यात ढकललेली, हे बघून त्यांचा पारा चढायचा.

पण त्यांचा जीव होता तो सहा ते सात या रिकाम्या तासावर. मुलं नसलेल्या त्या म्हातारीच्या घरात झोपवायला कोणी नव्हतं. सहाला पडदा काळा झाला की ती खुर्ची मावशींकडे वळवायची आणि म्हणायची, आता बोल. मावशींना इंग्रजी धड येत नव्हतं, तरी ती थांबायची. शब्द सापडेपर्यंत थांबायची. "सगळे म्हणतात मी टीव्ही बघून इंग्रजी शिकले," मावशी म्हणायच्या. "चूक. टीव्ही बंद असताना शिकले."

पुढे टीव्हीवाल्यांनी तो तास भरून टाकला, पण मावशींच्या घरात तो शेवटपर्यंत रिकामाच राहिला. सहा वाजले की टीव्ही बंद, खुर्ची माझ्याकडे, आणि "आता बोल." ऑफिसातल्या मॅनेजरबद्दल, मोडलेल्या लग्नाबद्दल, पुण्याच्या आईबद्दल जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, ते या तासात बोलले. त्या सल्ला देत नसत. शब्द सापडेपर्यंत थांबत.

मग त्या जिन्यावरून पडल्या आणि वॉटफर्डच्या त्यांच्या मुलाने, नितीनने, त्यांना केअर होममध्ये ठेवलं. नितीनला मी दोष देत नाही. दोष देते त्या होमच्या बैठकीतल्या टीव्हीला. तो उजाडल्यापासून चालू असायचा आणि त्याच्याकडे कोणीही बघत नसायचं. भोवती खुर्च्यांमध्ये माणसं ठेवलेली. मावशींनाही तिथे ड्रेसिंग गाऊनवर आणून बसवायचे. पाहुण्यासमोर असं बसवणं हा त्यांना अपमान वाटायचा, आणि तो अपमानच होता.

एकदा तिथे जुन्या टीव्हीचा दिवस साजरा झाला. पताका, स्कोन, चहा आणि त्या काळातले कार्यक्रम. मावशींनी मला फोन करून जांभळी इरकल आणि मोती मागवले. मी ती नेसवून दिली. दुपारभर त्या खुशीत होत्या. सहा वाजले तशा पडद्याकडे बघू लागल्या. पडदा काळा होईना. त्यांनी कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या मुलीला नीट समजावून सांगितलं, आता बंद करायचं असतं. ती गोड हसली आणि आवाज थोडा कमी केला. मावशी उठल्या, वॉकर ढकलत भिंतीपाशी गेल्या आणि स्विच बंद केला.

खोली शांत झाली. त्यांनी शेजारच्या गोऱ्या आजोबांकडे तोंड केलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, आता बोला. मावशी होममध्ये आल्यापासून ज्यांचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता ते आजोबा म्हणाले, या वेळेला आई मला शेगडीपुढे आंघोळ घालायची. पलीकडच्या बाईंनी विचारलं, पत्र्याच्या टबात का? मीही खुर्ची ओढून ऐकायला बसले.

तेवढ्यात मॅनेजरबाई आल्या आणि टीव्ही लावला. शांततेने रेसिडेंट्स अस्वस्थ होतात म्हणे! कोण अस्वस्थ झालं होतं? मी भांडले, आवाज चढवून भांडले. उत्तर मिळालं की त्यांचं एक रूटीन आहे. पुढच्या आठवड्यात टीव्ही भिंतीवर उंच चढवला आणि रिमोट ऑफिसात गेला. मावशी मला एवढंच म्हणाल्या, "ज्या घरात मला टीव्ही बंद करता येत नाही, ते माझं घर कसं गं?" त्यानंतर त्या बैठकीत गेल्या नाहीत. हिवाळा संपायच्या आत त्या गेल्या.

क्रिमॅटोरियममध्येही भिंतीवर स्क्रीन होता. नितीनच्या मुलीने, रियाने, फोटो जमवले होते. फोटो सरकत होते, गाणं वाजत होतं आणि सगळे मान वर करून बघत होते. फोटो संपले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. कोणी काही बोलेना. पुढच्या कुटुंबाची वेळ जवळ येत होती. माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठले आणि तिथल्या माणसाला स्क्रीन बंद करायला सांगितलं. त्याने आधी नितीनकडे पाहिलं. नितीनने मान डोलावली.

पडदा काळा झाला. मी खुर्ची फिरवून लोकांकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "आता बोला."

बराच वेळ कोणाला शब्द सापडला नाही. मी थांबले. मग रिया उठली. "आजी मला पण असंच बोलायची," ती तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. "मी सांगायची, लेटर, आजी, मग बोलू. आज मला बोलायचा आहे." आणि ती बोलायला लागली.