काल की उद्या?

चिकूची पेटी उघडली की मला डहाणूच्या आमच्या कॉलेजातली २०१६ सालची एक मुलाखत आठवते. तलासरीकडची माझी मैत्रीण बरीच वर्षं तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवत होती आणि वयाच्या अटीमुळे कायम नेमणुकीची ही तिची शेवटची संधी होती. कॉलेजतर्फे मीही आत बसलो होतो. आधी मुंबईहून आलेल्या तज्ज्ञांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, टेबलावर बागेतले पिकलेले चिकू आले, आणि मग तज्ज्ञ गंभीर झाले. "गुजरातीत 'काले' म्हणजे कालही आणि उद्याही. शब्दच एक, तर बोलणाऱ्याच्या मनात दोन दिवस वेगळे कसे राहणार?" ती म्हणाली, "राहतात, सर. मन सुट्या शब्दावर चालत नाही, अख्ख्या वाक्यावर चालतं." "पुरावा?" तेवढ्यात आमच्या गुजराती चेअरमनना घरून फोन आला. "हा, काले आवीश," म्हणून त्यांनी तो ठेवला. तिने लगेच विचारलं, "शेठ, घरी काल जाणार की उद्या?" "अरे बेन, काल कसा जाणार? उद्याच!" "मग घरच्यांना कळलं कसं?" "'आवीश' बोललो ना, म्हणजे येईन! 'आव्यो', आलो, असं थोडी बोललो!" आणि आपण काय सिद्ध केलं ते लक्षात येऊन चेअरमनच पहिले हसले, तज्ज्ञांना शेवटी हसावंच लागलं. नेमणूक झाली. आज ती विभागप्रमुख आहे, दूरदूरच्या परिषदांना तिला बोलावतात. मनाविषयीचे तिचे निबंध मला निम्मेच कळतात. पण त्या दिवशी तिचं म्हणणं खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं, आणि तत्त्वज्ञानात असं फार वेळा घडत नसावं.