अर्ध्यावर ठेवायची गाडी

रामलिंगअप्पांनी चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून काढली. गाडी गेटातून आत येतानाच्या आवाजावरून पंप गेलाय की इंजेक्टर, हे ते हातातला चहा खाली न ठेवता सांगायचे. रिटायर होऊन मुखेडच्या घरी आले, आणि दोन वर्षांनी, दिवाळी सरल्यावर, त्यांच्या दारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक अशी गाडी येऊन उभी राहिली जिला आवाजच नव्हता.

गाडी त्यांच्या मुलीची, शिवांगीची. ती लातूरला बँकेत होती. वर्षभरासाठी तिची बदली गुवाहाटीला झाली, आणि इलेक्ट्रिक कार तिनं वडलांकडे आणून लावली. परतीची जीप दारात हॉर्न देत होती.

"अप्पा, दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. चार्जिंग पन्नासच्या आसपास ठेवायचं, अर्ध्यावर. अन् बॉनेटखाली नारंगी वायरी हाईत, त्यांना हात लावायचा न्हाई. खरं तर आतमधी कशालाच हात लावू नका."

"अर्ध्यावर कशामुळं?"

"पुस्तकात लिव्हलंय तसं. येते मी."

कशालाच हात लावू नका, हे वाक्य अप्पांना दिवसभर टोचत राहिलं. रात्री जेवताना ते बायकोला, कावेरीबाईंना, म्हणाले, "चौतीस वर्षं मी काय गोट्या खेळलो का?"

अर्ध्यावरची गोष्ट तर त्यांना पटलीच नाही. गाडी लई दिवस उभी राहणार असली की टाकी काठोकाठ भरायची, हे त्यांना पहिल्याच वर्षी त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं. रिकाम्या जागेत ओल धरते, ओलीनं गंज चढतो. अर्धवट टाकीनं उभ्या केलेल्या बसा नंतर कशा छळतात, ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. त्यांनी केबल लावली आणि शंभर टक्के होऊ दिले. तेवढ्यावर गाडी किती धावेल त्याचा पडद्यावर आकडा आला, दोनशे चोपन्न किलोमीटर.

"लेकीनं अर्ध्यावर म्हणलं व्हतं," कावेरीबाई म्हणाल्या.

"लेकीनं गाडी चालवली. उभी कवा ठेवली तिनं?"

दर सोमवारी ते गाडी पुसायचे, टायर एकाच जागी बसू नयेत म्हणून हातभर पुढं-मागं घ्यायचे आणि उतरलेले एक-दोन टक्के पुन्हा भरून काढायचे. शिवांगीनं फोनवर "गाडी ठीक ना?" विचारलं की "एकदम" म्हणायचे. पण त्यांचा जीव त्या गाडीत रमत नव्हता. बटण दाबलं की पडदा उजळायचा, बस्स. सीट हलत नाही, कान लावावा तर काही ऐकू येत नाही. "जित्ती हाय का मेली, माणसानं वळखावं कसं?" असं म्हणत ते बॉनेट उघडायचे, नारंगी वायरींकडे बघायचे आणि पुन्हा आदळून लावायचे.

फेब्रुवारीत फुल चार्जिंगला आकडा दोनशे सत्तेचाळीस दिसला. अप्पांना वाटलं, थंडीमुळं असेल. थंडी गेली, आकडा वर आला नाही. एप्रिलात पत्रा इतका तापायचा की गाडीच्या टपावर हात ठेवता येत नव्हता. तेव्हा दोनशे सदतीस.

आणि एका सोमवारी दारच उघडेना. किल्लीचं बटण दाबून दाबून अंगठा दुखला. किल्लीच्या आत दडवलेल्या साध्या चावीनं दार उघडलं, तर पडदा काळा. मोठ्या बॅटरीखेरीज गाडीत एक लहान बारा व्होल्टची बॅटरी असते, तीच बसली होती. ही बॅटरी तर अप्पांनी हजारदा हाताळलेली. लई दिवस उभ्या ठेवायच्या बसच्या बॅटरीची तार ते डोळे झाकून सोडवून ठेवायचे. इथं मात्र कशालाच हात लावायचा नव्हता, म्हणून ती तशीच जोडलेली राहिली होती.

त्यांनी लातूरच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. "काका, काही करू नका, आमचा माणूस येईल." माणूस चौथ्या दिवशी आला. शिवशंकर त्याचं नाव. त्यानं लहान बॅटरीला बूस्टर लावला आणि गाडी दहा मिनिटांत जागी झाली.

"एवढंच करायचं व्हतं? हे तर मी चहा पीत पीत केलं असतं!" अप्पा ओरडलेच.

शिवशंकरनं लॅपटॉप जोडला. बराच वेळ बघत राहिला. "काका, चार्जिंग किती ठेवत होता?"

"फुल. एक दिवस कमी पडू दिलं न्हाई."

"या पत्र्याखाली?"

"हाव."

"तिथंच चुकलं. काठोकाठ भरलेली बॅटरी उन्हाळ्यात उभी ठेवली की ती आतल्या आत झिजती. पार रिकामी ठेवली तरी मरती. अर्ध्यावर तिला सगळ्यात कमी ताण असतो. बॅटरीच्या ताकदीतले सात टक्के गेलेत."

"भरून येतेत का?"

"न्हाई, काका. गेलेलं परत येत न्हाई."

तो गेल्यावर अप्पा ओट्यावर बसून राहिले. सहा महिने एक सोमवार न चुकवता त्यांनी गाडीची सेवा केली होती, आणि तीच सेवा गाडीला बाधली होती. दुपारी ते जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनीच गुवाहाटीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"मी तुम्हाला अर्ध्यावर म्हणलं व्हतं, अप्पा!" शिवांगीचा आवाज चढला.

"म्हणली व्हतीस. कशामुळं ते म्हणली न्हाईस. मी तुला इचारलं, तू जीपमधी जाऊन बसलीस. ते पोरगं आलं, अन् त्यानं एका मिनटात सांगितलं. मला समजलं असतं की, बाई. मला यंत्रातलं समजतंय."

शिवांगीचा आवाज उतरला. मग ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला कशाला ताप."

"आता झाला न्हाई का ताप?"

चार्जिंग खाली आणायचं तर गाडी चालवण्यावाचून इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी अप्पा कावेरीबाईंना घेऊन देगलूरला आपल्या बहिणीकडे जाऊन आले. घरी आले तेव्हा पडद्यावर बासष्ट टक्के होते. कावेरीबाईंना गाडी आवडली. अप्पांचं लक्ष वाटभर उतरत्या टक्क्यांवर होतं.

गाडीचं पुस्तक इंग्रजीत आहे. ते आता शिवांगी रोज संध्याकाळी फोनवर वाचते आणि मराठीत सांगते. अप्पा दर ओळीला "कशामुळं?" म्हणून थांबवतात. तिला उत्तर येत नसलं की ती चिडते, ते त्याहून चिडतात, आणि फोन बंद होतो. महिनाभरात एकोणीस पानं झाली आहेत.