मंगळसूत्र उतरवणारी बाई

चाकणच्या हत्यारांच्या दुकानात मी सुऱ्या बनवायला शिकण्यापुरतं स्वस्तातलं बेल्ट सँडर, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर लोखंड घासायचं यंत्र, बघत होतो. तेच घ्यायला आलेल्या एका बाईनं यंत्राला हात लावण्याआधी मंगळसूत्र काढून गल्ल्यावर ठेवलं. मी हादरलोच.

"अगं, नवरा जिता हाय ना?"

"हाय की, बाबा. पट्ट्यात अडकून माझा गळा आवळला, तर त्योच रडंल."

मग यंत्राची ताकद बघायला तिनं फिरत्या पट्ट्यावर लोखंडाची पट्टी जोरात दाबली. यंत्र घरघरून थांबलं. "ह्यापरीस पाटा बरा," म्हणत तिनं दुसरं यंत्र लावलं. ते दाबूनही थांबेना. मी पुढं सरलो.

"बाबा, आधी ती तुळशीची माळ काढा."

"मेलो तरी न्हाई!"

"मी तेच म्हणतीय," म्हणत तिनं बटण बंद केलं.

उभ्या जन्मात मला असं कुणी बोललं नव्हतं. माळ गळ्यातच हाय. यंत्र अजून घेतलं न्हाई.