पांढऱ्याचे दोन हात

आमच्या खालच्या मजल्यावरच्या फिलिपिनो काकांइतका पांढऱ्या रंगाचा द्वेष करणारा माणूस उभ्या जर्मनीत दुसरा नसेल. आमच्या झिंडेलफिंगेन गावात बर्फ पडला की सगळी बिल्डिंग बाल्कनीत येऊन फोटो काढायची आणि काका पडदे ओढून घ्यायचे. "कोणीतरी प्रायमर मारलाय आणि पुढचं काम विसरलाय," म्हणायचे. भातसुद्धा हळद घातल्याशिवाय खायचे नाहीत. तरुणपणी मनिलात त्यांनी शाळांच्या आणि बाजारांच्या मोठमोठ्या भिंती रंगवल्या होत्या. इथे येऊन तीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये चंदेरी रंगाचे फवारे मारले. संध्याकाळी घरी आले की उरलेले सगळे रंग दिवाणखान्याच्या भिंतीवर.

त्या भिंतीवर एक अख्खं गाव एक घर उचलून चाललं होतं. त्यांच्याकडे पूर्वी कुणाला घर हलवायचं असलं की शेजारी जमायचे, झोपडीखाली बांबू घालायचे आणि घरच खांद्यावर घेऊन नव्या जागी नेऊन ठेवायचे. चित्रातल्या माणसांचे पाय टोपल्यांएवढे, हात वल्ह्यांसारखे, अंगं रंगीत काचांच्या तुकड्यांसारखी एकमेकांत घुसलेली. "आमच्याकडे भिंतीवर एकटा माणूस काढत नाहीत. एकट्याला फ्रेम पुरते," काका म्हणायचे. ओळखीचा प्रत्येक माणूस त्यांनी त्या बांबूंखाली उभा केला होता: पोस्टमन, बेकरीतली बाई, कारखान्यातले मित्र. मीही होतो. माझं नाक एवढं, की बांबू खांद्यावर आहे की नाकावर याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. सहा वर्षं प्रत्येक भेटीत मी तक्रार केली. "आल्झो, तर मग असं करू, इंजिनियर," काका शांतपणे म्हणायचे, "तू खरंच ओझं उचललंस की नाक लहान करतो."

एका नोव्हेंबरात ते जिन्यात पडले. एकट्याने राहणं आता जमणार नाही म्हणाले डॉक्टर. वृद्धाश्रमात जागा मिळाली, आणि महिनाअखेर घर सोडायचं ठरलं. किल्ली माझ्याकडे. त्यांचे कागद लावताना घराचा करार हाती आला: जाताना भिंती पांढऱ्या करून द्याव्यात. आता, जर्मनांचे नियम जर्मनांपेक्षा कडक पाळणं हा आम्हा पुण्याच्या इंजिनियरांचा जुना आजार.

"अहो, काकांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"दवाखान्यातल्या माणसाला कशाला त्रास? मी करून टाकतो."

"त्रास द्या थोडा. विचारून या."

मी नाही विचारलं. शनिवारी डबे आणले, कडांना टेप लावली आणि रविवारपर्यंत ते गाव, ते घर, सगळं पांढरं केलं. सुरुवात स्वतःच्या नाकापासून केली, हेही सांगून टाकतो.

किल्ल्या सोपवायच्या दिवशी काका काठी टेकत आले. घरमालकीण दारातच थबकली. "पण भिंत तशीच ठेवायचं ठरलं होतं ना?" ती त्यांना म्हणाली. "नव्या भाडेकरूने तर तीच बघून घर घेतलं." काका भिंतीजवळ गेले, तळवा फिरवला.

"दोन हात दिलेस?"

"हो."

"रोलरचे पट्टे दिसतायत."

एवढंच. चिडले असते तर मी वर जाऊन जेवलो तरी असतो.

पुढे दर रविवारी मी वृद्धाश्रमात जायचो. एकदा कॅनव्हास आणि रंग घेऊन गेलो. म्हटलं, परत काढा. त्यांनी थरथरणारा हात दाखवला. "आणि चेहरेही पुसट व्हायला लागलेत. तू रोज बघत होतास, तू सांग. तुझ्या पुढे बांबू कोणी धरला होता?"

मी डोळे मिटले. मला फक्त माझं नाक दिसलं.

"आठवत नाही, काका."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते हसले, आणि माझा हात थोपटला. "चूक माझी. नाकच फार मोठं काढलं मी."

फेब्रुवारीत काका गेले. बाहेर सगळं पांढरं होतं, त्यांना मुळीच आवडलं नसतं. शवपेटी उचलायला माणसं कमी पडत होती म्हणून मी पुढे झालो. ओझं खांद्यावर आल्यावर पहिल्यांदा नीट बघून घेतलं: पुढे पोस्टमन होता, पलीकडे बेकरीतली बाई, मागे कारखान्यातले दोघं. आता विचारलं असतं, तर सांगता आलं असतं.