मिक्सरवरचे संस्थापक

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण सगळं ऐकून झाल्यावर माझ्याकडे त्या नजरेनं बघू नका. ती नजर मी सध्या रोज आरशात बघते आहे. आणि खरं सांगू का, तुमच्याही हातून हेच झालं असतं. तुमच्या वरच्या मजल्यावर ममा आदा राहत नाही, म्हणून वाचलात!

आम्ही जर्मनीत झिंडेलफिंगेनला राहतो. नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. वरच्या मजल्यावर ममा आदा, मूळची नायजेरियाची, पण चाळीसेक वर्षं इथेच मुरलेली. आदा ही तिची थोरली लेक. त्यांच्यात आईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. माझ्या बाळंतपणात आईचा व्हिसा आला नाही, तेव्हा ही बाई न बोलावता खाली आली. बाळाला न्हाऊ घातलं, मला मिरच्यांचं असं काही सूप पाजलं की नाकाडोळ्यांतून पाणी! मला अंथरुणातून उठूच दिलं नाही. सख्ख्या आईनं तरी आणखी काय केलं असतं?

तर जानेवारीत ममा आदा एक पुडकं घेऊन आली. पारदर्शक पिशवीत घडी घातलेलं हिरवं-पिवळं कापड, वर सोनेरी रिबन. म्हणाली, "आमच्या क्लबच्या फेस्टसाठी. शिवून घे हं, नक्की."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे ब्लाउजपीस देताना प्रत्येक बाई काय म्हणते? "शिवून घ्या हं, नक्की!" आणि घेणारी काय म्हणते? "हो हो, नक्की!" मग तो शिवतं का कुणी? नाव नको! तो घडी न मोडता कपाटात जातो आणि पुढच्या ओटीला बाहेर येतो. मीही इथल्या जर्मनमध्ये "जा जा, गेनाऊ!" म्हटलं, म्हणजे आपलं "हो हो, नक्की!", आणि पुडकं कपाटात टाकलं.

पंधरा दिवसांत माझं हळदीकुंकू. नेकारसुल्महून माझी मैत्रीण वृषाली आली. ऐन वेळी कपाटात हात घातला तर वरती हेच. रंग शुभ, रिबन तयार. भरली ओटी! वर म्हटलंसुद्धा, "शिवून घे हं, नक्की."

मे महिन्यात आमच्याकडे केरवोखे आला. म्हणजे जिना झाडायची पाळी. इथल्या लोकांचा तो धर्मच आहे, आणि नावातच केर आहे बघा! मी झाडत होते, तर ममा आदा वरून उतरली.

"शिवून झालं?"

"हो हो!" मी म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून नाही हो, सवयीनं!

"बरं झालं. त्या दिवशी सगळे तेच घालणार. बायका, पुरुष, पोरंबाळं, सगळे. एमेकाचा फोटो छापून घेतलाय मी त्यावर." एमेका म्हणजे तिचा नवरा. क्लब त्यानंच काढलेला. दोन वर्षांपूर्वी गेला. "आदाला कॅनडाहून यायला जमत नाहीये. तिच्या वाट्याचं कापड तुला दिलंय. आदाच्या जागी तू."

माझ्या हातातून झाडू सुटला, तो थेट तळमजल्यावर.

धावत घरात आले आणि वृषालीला फोन लावला. "अगं, ती हिरवी-पिवळी ओटी…"

"कुठली गं?"

"रिबनवाली!"

"अय्या, ती होय? ती मी आखनला केतकीच्या आईला दिली. उघडलीसुद्धा नाही बाई मी."

उघडली नाही म्हणे! मी तरी कुठे उघडली होती?

केतकी आखनला पीएचडी करते आणि तिची आई तिच्याकडे राहायला आलेली. काकू व्हिडिओ कॉलवर सापडल्या, एकदम उत्साहात. "ते कापड? फार टिकाऊ हो! मी लगेच शिवलं."

शिवलं! आमच्या ओळखीत पहिल्यांदाच कुणीतरी ओटीतलं कापड शिवलं, आणि ते नेमकं हेच! "काय शिवलंत काकू?"

"वॉशिंग मशिनचं कव्हर. उरलं त्यातून मिक्सरला."

कॅमेरा फिरला. ओट्यावर मिक्सर, आणि मिक्सरवर एमेका. हसतमुख, गळ्यात पोवळ्यांच्या माळा, हनुवटीवर हळदीचा डाग.

"हे गृहस्थ कोण गं?" काकूंनी विचारलं. "मला वाटलं, कुठले तरी मंत्री असतील."

दुसरं कापड कुठून आणणार? लागोसहून मोजकंच छापून आलेलं. नवरा म्हणाला, "खरं काय ते सांगून टाक." नवऱ्यांना काय जातं म्हणायला! मी ममाला सांगितलं, शिंप्यानं बिघडवलं. ती "असू दे," म्हणाली.

फेस्टला मी लाल पैठणी नेसून गेले. हॉलचं दार उघडलं, तर काय! सगळा हॉल हिरवा-पिवळा! प्रत्येकाच्या छातीवर एमेका, पाठीवर एमेका. तोंड कुठे लपवू? जिकडे वळावं तिकडून तोच माझ्याकडे बघतोय!

ममा आदा माइकवर क्लबची गोष्ट सांगत होती. त्यांच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यातला एक जण वारला आणि खांदा द्यायला माणसं मिळेनात. एमेकानं दारोदार फिरून माणसं गोळा केली. स्मशानातून परतताना ठरलं, आता दर महिन्याला भेटायचंच. नोंदणीला गेले, तर फेराइन, म्हणजे रीतसर नोंदलेलं मंडळ, काढायला सात माणसं लागतात, आणि हे सहाच. सातवी सही केली घरमालकिणीनं, एका जर्मन आजीनं. पहिल्या फेस्टला गावाकडून कापड मागवायची ऐपत नव्हती, तर ह्याच आजीनं सेलमधून पडद्याचं कापड आणलं. सगळ्यांनी तेच शिवलं, आजीनंसुद्धा.

"ज्यानं ते कापड अंगावर घातलं, तो आमचा," ममा म्हणाली. "कुठून आलास, ते आम्ही विचारलं नाही. आजही विचारत नाही."

मला रडू आलं हो. अगदी हमसून.

मग सगळ्यांचा फोटो, भिंतीवर लावायला. ममाच्या शेजारी आदाची जागा ठेवलेली. ममानं हात केला, "ये ना!" त्या पैठणीत तिथे जाऊन उभं राहायला मला तोंड नव्हतं. मी पुढे झाले, कुणाच्या तरी हातातला कॅमेरा घेतला आणि ओरडले, "थांबा, मीच काढते!" आता तो फोटो हॉलमध्ये लागलाय. त्यात ममाच्या शेजारी माणूसभर मोकळी जागा आहे. ती जागा म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी मात्र राहवेना. वर गेले आणि सगळं ओकून टाकलं. कपाट, ओटी, नेकारसुल्म, आखन, मिक्सर. ममा रागावली नाही. तिला ते समजेचना.

"पण शिवायचं नसतं, तर देता कशाला?"

"पद्धत आहे आमच्यात," मी पुटपुटले.

ती उठली, आत गेली आणि हातावर कपडे घेऊन बाहेर आली. दोन पीस जोडून शिवलेला जांभळा ब्लाउज. नातीचा मोरपंखी फ्रॉक. डोक्याला बांधायचं पोपटी फडकं. मी ओळखले! दर संक्रांतीला मीच तिची ओटी भरत आले होते ना! आणि कपाटातला जो पीस कुणालाच देण्यासारखा नसेल, तो तिला. म्हटलं, हिला काय कळतंय! त्यातला तो जांभळा तर चार घरं फिरून माझ्याकडेच परत आला होता. तिनं एकूण एक शिवले होते. चर्चला घालून जात होती.

जांभळी बाही हातानं सारखी करत तिनं विचारलं, "हे सगळे रंग तू खास माझ्यासाठी निवडलेस ना?"

नुकतंच सगळं खरं सांगून बसले होते. आणखी एकदा खरं बोलायचं, एवढंच काम होतं.

"जा जा, ममा," मी म्हटलं. "गेनाऊ!"