मापं आईची, रंग कुणाचा?

अभियंत्याच्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करताना स्पेसिफिकेशनचे, म्हणजे ठेकेदाराला लिहून द्यायच्या कामाच्या अटींचे, प्रकार काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नव्हते. एका प्रकारात ठेकेदाराला माल आणि पद्धत ठरवून द्यायची, दुसऱ्यात काम शेवटी कसं उतरलं पाहिजे एवढंच सांगायचं. मग दोन्ही सांगितलं तर बिघडलं कुठं? चिडून पुस्तक मिटलं आणि आईबरोबर सांगलीतल्या डंकावर वर्षाची चटणी कांडून आणायला गेले.

मिरच्या आईनं निवडल्या होत्या, भाजल्या तिनंच. संकेश्वरी किती, ब्याडगी किती, तेही तिनंच ठरवलेलं. वर डंकवाल्याला बजावलं, "रंग लालभडक आला पायजे बरं का!"

चटणी निघाली विटकरी. आई भडकली. डंकवालाही गप्प बसणारा नव्हता.

"आवं वैनी, मिरची तुमची, माप तुमचं, आन रंग तेवढा माझ्या गळ्यात? मिरची माझ्यावर सोडली असती, तर रंगावरनं मला बोलायचं!"

त्या ठसक्यात उभ्या उभ्या मला हसू फुटलं. पद्धत आपण ठरवून दिली, की तिच्यातून काय निघेल त्याचे धनीही आपणच. पुस्तकाला हे इतकं सरळ सांगता आलं नव्हतं.

पास झाल्यावर मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी चूक माझीच व्हती म्हण की!"

त्या चटणीला घरात वर्षभर सगळ्यांनी नावं ठेवली. मी मात्र रोज मागून खाल्ली.