मान डोलावणारा शिपाई

खंडेनवमीच्या दुपारी तंजावूरच्या मेल वीधीत, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्यावर, बातमी फिरली, की मिरासदार वेंकटरावांच्या भाताच्या कोठारावरचा पहारेकरी तुकोजी याला वेड लागलं. ऐन पूजेत त्याने मालकिणीला, वेंकूबाईंना, दोन्ही हातांनी ढकलून पाडलं म्हणे. दिवेलागणीपर्यंत बातमीला शिंगं फुटली: तो प्यायला होता, आणि एका लाकडी बाहुल्याच्या मत्सराने पेटला होता.

ढकललं हे खरं. दोन्ही हातांनी, हेही खरं. बाकी सगळं मेल वीधीच्या चुलीवर शिजलेलं. तुकोजी उभ्या जन्मात प्यायला नाही. त्याला व्यसन एकच, मिशीला तूप लावायचं, म्हणून बायको तुपाचं भांडं लपवून ठेवी.

संस्थान खालसा झालं तेव्हा तो राजवाड्याच्या पायदळात बावीस वर्षांचा पोरगा होता. साहेबांनी पलटण मोडली, हत्यारं काढून घेतली. तुकोजी तिथून निघाला तो वेंकटरावांच्या दारात येऊन उभा राहिला, आणि पंचवीस वर्षं उभाच राहिला. उभा असा राही, की नवी आलेली म्हैस खांब समजून त्याला अंग घासून जाई. वेंकटरावांची परवान्याची बंदूक त्याच्या खांद्यावर असे, पण तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. दुष्काळाच्या साली दक्षिणेकडची उपाशी माणसं कोठारापुढे जमली, तेव्हा माडीवरून वेंकटराव ‘झाड, गोळी झाड’ म्हणून ओरडत होते. तुकोजीने नळी जमिनीकडे वळवली, त्यांना गाव विचारलं, आणि अंगणातला कोंडा झाडून न्यायला सांगितलं. लोक कोंडा घेऊन गेले. वेंकटराव ते कधी विसरले नाहीत. वर्षातून चारदा तरी ते चारचौघांत विचारत, की एकही बार न काढणाऱ्या शिपायाला मी पोसतो कशाला?

मग मद्रासेहून घड्याळजी सूर्यनारायण आला. त्याने वेंकटरावांसाठी घडवला एक लाकडी शिपाई: पुरुषभर उंच, लाल डगला, पितळी बटणं, रंगवलेल्या मिशा, हातात खरी, बार भरायची बंदूक. कोठारापुढे घोट्याएवढ्या उंचीवर तार ताणलेली. तारेला पाय लागला की आपल्या तंजावूरच्या बाहुलीसारखी त्याची मान तीनदा डोले, मग हात उचलला जाई, मग चाप. सूर्यनारायण सांगे, की हा झोपत नाही, रजा मागत नाही, विडा मागत नाही. उद्या सरकारच्या पलटणीच्या पलटणी अशाच उभ्या राहतील आणि कुणाच्या आईला रडावं लागणार नाही. तुकोजीने एवढंच विचारलं, की समोर कोण आहे हे याला कोण सांगणार? सूर्यनारायण हसला. सांगावंच लागत नाही, म्हणाला, हीच तर यातली खुबी.

वेंकटरावांनी ठरवलं, दसऱ्याला तुकोजीने कोठाराची किल्ली ठेवायची आणि घरी जायचं. तुकोजीच्या बायकोने तुपाचं भांडं त्या दिवशी आपणहून त्याच्यापुढे ठेवलं, म्हणजे घरात काय वातावरण होतं ते समजा.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. तुकोजीने रिवाजाप्रमाणे आदल्या दिवशीच बंदूक रिकामी करून, पुसून देवीपुढे आडवी ठेवली होती. लाकडी शिपाई मात्र जड, जागचा हलेना. त्याची पूजा जागेवरच करायची ठरली. आणि इथे वेंकटरावांनी आपली अक्कल चालवली. देवीच्या दिवशी रिकाम्या हाताने ओटी भरत नाहीत, रिकामं ताट पुढे करत नाहीत, मग बंदूक रिकामी कशी ठेवायची? त्यांनी ती भरून घेतली. तार कुठे आहे हे सगळ्या पुरुषांना दाखवून झालं होतं. बायका आत कोलूपुढे, नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांपुढे, आरतीची तयारी करत होत्या. त्यांना सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

वेंकूबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन पुढे झाल्या. बंदुकीला आधी लावायचं की शिपायाच्या कपाळाला, असं त्या मागे वळून विचारत होत्या. लुगड्याचा काठ तारेत अडकला.

मान डोलली.

सगळ्यांना वाटलं, शिपाई नमस्कार घेतोय. कुणीतरी कौतुकाने हसलंही. तुकोजी तीन पावलांवर रिकाम्या हातांनी उभा होता. दुसऱ्यांदा मान डोलली तेव्हा तो निघाला होता, तिसऱ्यांदा डोलली तेव्हा वेंकूबाई जमिनीवर होत्या. बार झाला. तुकोजीचं पागोटं उडून भिंतीला जाऊन लागलं.

धूर विरला तर वेंकूबाई नखशिखांत लाल. वेंकटराव त्यांच्याशेजारी बसून रडू लागले. वेंकूबाईंनी तोंडावरचं पुसून हात पाहिला, आणि म्हणाल्या, कुंकू आहे, रडू नका. तेव्हा कुठे लोकांनी श्वास घेतला. छर्रे चुन्याच्या भिंतीत बसले होते, बरोबर कपाळाच्या उंचीवर. ती भोकं पाहून माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

बोलला एकटा सूर्यनारायण. पांढराफटक पडला होता, तरी म्हणाला, “यंत्र चुकलं नाही हो. तारेला धक्का लागला, त्याने झाडली.”

आणि बाराच्या हादऱ्याने यंत्राची मान अजून डोलतच होती, होय होय म्हणत. वेंकूबाईंनी उठून ती हाताने धरून थांबवली.

दसऱ्याला तुकोजी किल्ली घेऊन वेंकटरावांपुढे आला. भोक पडलेलं पागोटं तसंच डोक्यावर. वेंकटरावांनी किल्लीला हात लावला नाही. खाली बघत म्हणाले, की झालं गेलं विसर, तू राहा. दिवसा तू, रात्री तो. शेवटी वेळ आली तर बार काढणारं कुणीतरी दारात हवंच की नाही?

तुकोजीने किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“राव, पंचवीस वर्षं या दारात मी एकही बार काढला नाही. तुम्ही मला पगार त्याचाच देत होता.”